‘इतर’ या रकान्यातले ज्ञान : तांबट आळीपासून भोसरीपर्यंत

कारखान्यातल्या यंत्राला जोडलेली स्क्रीन ही एक संहिता आहे असे समजून ती वाचता येईल का, हा या लेखाचा विषय आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत ‘चौथी औद्योगिक क्रांती’, ‘स्मार्ट कारखाना’, ‘इंडस्ट्री ४.०’ हे शब्द इतक्या वेळा छापून आले आहेत की त्यांचा अर्थ विचारणेही आता मागासलेपणाचे वाटावे. या विषयावर जे लिहिले जाते ते एकतर अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी लिहिलेले असते, नाहीतर अर्थकारणाच्या अंगाने : उत्पादन किती वाढले, नोकऱ्या किती गेल्या. साहित्याच्या अभ्यासकाचे इथे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या नव्या व्यवस्थेत सुट्या भागांइतक्याच नोंदी तयार होतात, आणि नोंद ही भाषेची वस्तू आहे. तिला निवेदक असतो, काळ असतो, शब्दसंग्रह असतो. आणि काय सांगायचे नाही, हेही तिने ठरवलेले असते. या चार गोष्टी तपासणे हे समीक्षेचेच काम होय.

मी कसबा पेठेत राहतो, म्हणून तुलनेसाठी मला लांब जावे लागत नाही. पुण्याच्या या सर्वांत जुन्या पेठेत ग्रामदैवत कसबा गणपती आहे, तशाच कारागिरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जागाही आहेत : कुंभारवाडा, कागदीपुरा, तांबट आळी. पंधराएक किलोमीटरवर भोसरीची औद्योगिक वसाहत लागते, तीसेक किलोमीटरवर चाकण. एका टोकाला हातोडीने तांबे घडवणारा माणूस आणि दुसऱ्या टोकाला दर सेकंदाला आपली खबर कुठल्यातरी सर्व्हरला कळवणारे यंत्र, असा हा पट्टा आहे. या दोन टोकांकडे ‘जुने’ आणि ‘नवे’ म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. मी त्यांच्याकडे नोंद ठेवण्याच्या दोन रीती म्हणून पाहणार आहे.

मठार : वस्तूतच राहिलेली नोंद

तांबट आळीतले कारागीर त्वष्टा कासार समाजाचे. पेशवाईत कोकणातून ते पुण्यात आले, असे सांगितले जाते. हंडे, घंगाळी, तपेली, कळशा आणि पुण्याच्या जुन्या घरांत पहाटे पेटणारे बंब ही त्यांची ओळख. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम घराघरांत शिरल्यावर हे गिऱ्हाईक आटले. पुढे इंटॅक या वारसा-संस्थेच्या पुणे शाखेने नव्या घाटाच्या वस्तूंसाठी या कारागिरांबरोबर काम केले आणि काही हातोड्या चालू राहिल्या.

या कामाचा गाभा म्हणजे मठारकाम. भांड्याला आकार आल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ओळीने, सारख्या अंतराने ठोके देत जातात. त्या ठोक्यांच्या बारीक खळग्यांवर प्रकाश मोडतो आणि भांडे झळकते, म्हणून आपण मठाराला नक्षी समजतो. खरे तर तो धातुशास्त्राचा भाग आहे. तांबे मऊ असते; ठोकल्याने त्याच्या स्फटिकरचनेत विस्कळितपणा येतो आणि ते कडक होते. फार ठोकले तर तडकते, म्हणून मधूनमधून तापवून पुन्हा मऊ करावे लागते. कधी थांबायचे, कधी तापवायचे हे कारागिराला हातोडी परत उसळते त्यावरून आणि ठोक्याच्या आवाजावरून कळते. हा आवाज पुणेकरांच्या इतका कानांत बसला आहे की एकसुरी ‘टुक टुक’ करणाऱ्या हिरव्या पक्ष्यालाही मराठीने ‘तांबट’ असेच नाव दिले.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की मठार ही नोंदसुद्धा आहे. ठोक्यांची ओळ कुठे सरळ आहे, कुठे दाट झाली आहे, गळ्यापाशी वळण घेताना कुठे हात थकला आहे, हे जाणकाराला भांड्यावर वाचता येते. अशी भांडी पाहणारे लोक कुणाचा हात आहे हेही ओळखत. नोंद वस्तूपासून वेगळी झालेली नाही आणि ती करणाराही पुसलेला नाही. भांडे विकले की नोंदही गिऱ्हाइकाच्या घरी जाते.

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचा माझा इरादा नाही. ते ज्ञान जातीच्या आत राहत होते. बाहेरच्याला ते शिकायची वाट नव्हती. घरातल्या बायकांच्या कामाला कारागिरी म्हणून मान नव्हता. दिवसभर ठोक्यांत बसणाऱ्यांच्या कानांवर काय परिणाम होतो, हे आळीत कोणालाही विचारावे. मजुरी कायम कमी. तेव्हा ‘पूर्वीचे छान होते’ हा या लेखाचा निष्कर्ष नाही. मला इतकेच टिपायचे आहे की ज्ञान, नोंद आणि नाव या तीन गोष्टी तिथे एका हातात होत्या. जोडलेल्या कारखान्यात त्या तीन ठिकाणी जातात. कशा, ते आता पाहू.

८४.६७ : एका पाळीची कथा

‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द जर्मनीतल्या हानोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात २०११ साली पुढे आला. वाफ, वीज आणि संगणक यांच्यानंतरची ही चौथी क्रांती, असा त्याचा दावा. क्रांती घडून गेल्यावर तिला नाव मिळते, ही इतिहासाची रीत; इथे नाव आधी ठरले आणि क्रांती मागून यायची होती, एवढे आपण लक्षात ठेवू. भारतात केंद्र सरकारच्या अवजड उद्योग खात्याने ‘समर्थ उद्योग’ योजनेखाली जी प्रात्यक्षिक केंद्रे उभारली, त्यांपैकी एक पुण्यात आहे. तिथे लहान कारखानदारांना जुनी यंत्रे जोडून घेण्याचे मार्ग दाखवले जातात.

जोडणे म्हणजे काय, ते साध्या शब्दांत असे. लेथला किंवा सीएनसी यंत्राला संवेदक लावतात. एक विजेचा प्रवाह मोजतो, एक कंपन, एक तापमान. ही मोजमापे तारेने किंवा वायफायने एका लहान संगणकाकडे जातात, तिथून कारखान्याच्या किंवा दूरच्या सर्व्हरवर. सर्व्हर त्यांचे आलेख काढतो आणि ते भिंतीवरच्या स्क्रीनवर व मालकाच्या मोबाइलवर दिसतात. यंत्र चालू असेल तर हिरवे, थांबले तर लाल.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी अशा स्क्रीनपुढे काही तास बसलो आहे. तिच्यावरचा सर्वांत मोठा आकडा ‘ओईई’चा असतो. यंत्राचा एकूण उपयोग किती झाला, याचे हे मोजमाप. ते जपानमधल्या देखभालीच्या पद्धतींतून आले. त्याचे गणित शाळकरी आहे. समजा, पाळी ४८० मिनिटांची आणि जेवण-चहाची ३० मिनिटे वजा, राहिली ४५०. यंत्र ४५ मिनिटे थांबले, म्हणजे चालले ४०५ मिनिटे : ९० टक्के. मिनिटाला एक नग निघायला हवा, निघाले ३८५ : सुमारे ९५ टक्के. त्यांतले ४ नाकारले गेले, चांगले ३८१ : सुमारे ९९ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की ८४.६७ उरतात. ८५ हा जागतिक दर्जा मानतात. म्हणजे ही पाळी जगाच्या उंबरठ्यावर, पाऊल आत न टाकता थांबली.

ही एक कथाच आहे, आणि तिच्यात नायक आहे यंत्र. वाक्याचा कर्ता तेच : यंत्र चालले, यंत्र थांबले. माणूस येतो तो थांबण्याचे कारण म्हणून. काळ नेहमी वर्तमान. स्क्रीन सतत ‘आत्ता’मध्ये राहते आणि कालचा दिवस तिच्यात फक्त सरासरी म्हणून येतो. निवेदक अदृश्य, सर्वज्ञ आणि अत्यंत आत्मविश्वासाचा : दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे तो असे सांगतो, की त्यांच्यावर शंका घेणाऱ्यालाच आपण अडाणी ठरू असे वाटावे. एखाद्या कादंबरीत असा निवेदक आला असता तर आपण समीक्षकांनी त्याला पहिल्याच पानावर हटकले असते.

शेवटचा पर्याय

यंत्र थांबले की स्क्रीन ऑपरेटरला कारण विचारते. उत्तर स्वतःच्या शब्दांत देता येत नाही. समोर यादी येते, तीही बहुधा इंग्रजीत : टूल बदल, सेटिंग, माल नाही, वीज नाही, ऑपरेटर नाही, तपासणी, देखभाल. आणि सर्वांत खाली ‘इतर’.

मी पाहिलेल्या कारखान्यात एक ऑपरेटर होता. तो या यंत्रावर अनेक वर्षे काम करत होता. जॉब कापला जात असताना आवाजात किंचित कर्कशपणा आला तेव्हा त्याने यंत्र थांबवले, कापणारे टोक काढून अंगठ्याच्या नखाने तपासले आणि बदलले. सहा मिनिटे गेली. टूल बदलण्याची ठरलेली वेळ अजून आली नव्हती, म्हणून ‘टूल बदल’ दाबले असते तर सुपरवायझरने ‘लवकर का बदलले?’ असे विचारले असते. त्याने ‘इतर’ दाबले. त्याच्या मते आणखी दहा-पंधरा नगांत टोक मोडले असते, एक जॉब फुकट गेला असता, कदाचित स्पिंडललाही धक्का बसला असता. यातले काहीच घडले नाही, म्हणून कशाचीच नोंद झाली नाही. नोंद झाली ती सहा मिनिटांच्या तोट्याची.

या संहितेतले सर्वांत मोठे मौन इथे आहे. न घडलेला बिघाड तिला दिसत नाही. तो घडू न देण्याचे कसब तिच्या हिशेबात नुकसान म्हणून जमा होते. महिन्याच्या शेवटी ‘इतर’चा स्तंभ उंच झाला की व्यवस्थापक म्हणतो, ‘इतर’ कमी करा. म्हणजे व्यवहारात, ज्याला नाव नाही ते कमी करा. ऑपरेटर शहाणा असतो. तो पुढच्या महिन्यापासून ‘वीज नाही’ दाबतो. मग डेटाही खोटा होतो आणि ज्ञानही दडते.

यावर तंत्रज्ञ सांगतील की कंपन-संवेदक बसवा, तो आवाजातला बदल माणसाच्याही आधी टिपेल. हे खरे आहे. बेअरिंगच्या कंपनांचे पृथक्करण करून बिघाड आधी ओळखण्याचे शास्त्र पक्के आहे आणि उपयोगाचेही. परंतु ती प्रणाली शिकते कशी, ते पाहावे. संगणकाला कंपनांचे हजारो नमुने दिले तरी ‘यातले वाईट कोणते?’ हे आधी कोणीतरी सांगावे लागते. लहान कारखान्यात हे सांगतो तो ऑपरेटरच : हा आवाज बरा, हा नको. त्याच्या कानाने लावलेल्या या खुणांवर प्रणाली तयार होते. तयार झाल्यावर तिच्यावर पुरवठादार कंपनीचे नाव येते आणि ती वर्गणीने विकली जाते. ज्याच्या कानावर ती घडली, त्याचे नाव तिच्यात कुठेच नसते. साहित्याच्या इतिहासात अशा लेखकाला आपण अनामिक म्हणतो आणि त्याचा शोध घेतो. इथे शोध घेणारा कोणी नाही.

कागदीपुऱ्याचा नातलग

कामगाराच्या हातातले ज्ञान काढून कार्यालयात नेणे, ही कल्पना नवी नाही. फ्रेडरिक टेलरने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’च्या पुस्तकात ती अगदी उघडपणे मांडली आहे : कामगारांकडे पिढीजात असलेली माहिती व्यवस्थापनाने गोळा करावी, तिचे नियम आणि तक्ते बनवावेत आणि त्यांप्रमाणे कामगाराला काम द्यावे. टेलरकडे स्टॉपवॉच होते आणि घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस कामगाराला दिसत तरी असे. आजचे घड्याळ यंत्रातच आहे.

मला अधिक जवळचे वाटते ते शोशाना झुबॉफ यांचे १९८८ सालचे स्मार्ट यंत्रांवरचे पुस्तक. त्यांनी अमेरिकेतल्या कागदाच्या लगद्याच्या गिरण्या पाहिल्या. तिथले कामगार लगदा हाताने चाचपून, वासावरून, रंगावरून ओळखत असत. मग त्यांना काचेआडच्या नियंत्रण कक्षात बसवले गेले आणि लगद्याऐवजी पडद्यावरचे आकडे समोर आले. काहींना आपण काय करतो आहोत हेच कळेनासे झाले. माझ्या पेठेतल्या कागदीपुऱ्यात एकेकाळी हाताने कागद बनवणारे कारागीर राहत. त्यांनीही लगदा बोटांनीच पारखला असणार. अमेरिकेतल्या त्या गिरणीत जे घडले ते या कागदी कारागिरांच्या दूरच्या नातलगांचेच घडले, असे वाचताना वाटले.

झुबॉफ यांचा विचार मात्र तक्रारीपाशी थांबत नाही, म्हणून तो मोलाचा आहे. यंत्र काम करता करता स्वतःविषयी माहितीही निर्माण करते, आणि या माहितीचे काय करायचे हा निवड करण्याचा प्रश्न आहे, असे त्या म्हणतात. ती सर्वांना वाचायला शिकवली तर कामगार अधिक जाणता होतो. वर ठेवली तर तो अधिक आंधळा होतो. दोन्हीसाठी तंत्रज्ञान एकच लागते.

संवेदक कुठे लावला जातो

म्हणून ‘डेटा नको’ ही भूमिका मला मान्य नाही. चाकणला बजाज ऑटोने २०१० पासून माणसाशेजारी काम करणारे लहान यंत्रमानव वापरायला घेतले. वाकून, हात वर धरून दिवसभर बोल्ट आवळण्याचे काम ज्याने केले आहे तो त्यांना वाईट म्हणणार नाही. बॉयलरच्या दाबावर, विषारी वायूवर लक्ष ठेवणारे संवेदक जीव वाचवतात. एखाद्या गाडीच्या ब्रेकमधला सदोष भाग कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर बनला हे शोधता येणे ही गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची गरज आहे.

पण संवेदक कुठे लावायचा, याची निवड पाहिली की व्यवस्थेचा स्वभाव कळतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर पत्रा कापताना बोटे जाण्याचे अपघात जुने आहेत. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे २०१९ पासून निघणारे अहवाल या चिरडलेल्या हातांचीच मोजदाद करतात, आणि त्यांत पॉवर प्रेसचा वाटा मोठा आहे. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये, यासाठी प्रकाशकिरणांचा पडदा लावता येतो. किरण अडला की यंत्र थांबते. हाही संवेदकच, आणि अगदी जुन्या जमान्यातला. नगांची मोजणी करणारा संवेदक उत्साहाने बसवला जातो आणि बोटे वाचवणारा काढून ठेवला जातो, कारण तो सारखा यंत्र थांबवतो आणि मोठ्या स्क्रीनवरचा आकडा खाली येतो. ‘स्मार्ट’ या विशेषणाची परीक्षा इथे घ्यावी, असे मला वाटते. ज्या कारखान्याला आपल्या स्पिंडलचे तापमान माहीत आहे आणि आपल्या कामगाराचा हात कुठे आहे हे माहीत नाही, त्याला मराठीत हुशार म्हणत नाहीत.

नोंद कोणाची

ज्ञान कामगाराचे, नोंद सर्व्हरवर. मग ती कोणाची, हा प्रश्न उरतो. संसदेने २०२३ साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा पाया व्यक्तीची संमती हा आहे. पण संमतीशिवाय चालणाऱ्या काही कारणांत रोजगाराच्या हेतूने केलेला वापर त्याने घातला आहे. म्हणजे जिथे माणूस दिवसाचे आठ-दहा तास मोजला जातो, नेमके तिथे त्याला विचारण्याचे बंधन सैल झाले आहे. युरोपीय संघाचा डेटाविषयक नवा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जोडलेल्या यंत्राचा डेटा ते यंत्र वापरणाऱ्याला मिळाला पाहिजे, असे तो म्हणतो. हे मोठे पाऊल आहे. पण ‘वापरणारा’ म्हणजे यंत्राचा मालक किंवा भाडेकरू. यंत्रावर उभा असलेला माणूस या व्याख्येत बसत नाही.

भोसरीचा लहान मालकही सुखात नाही, हे इथे सांगितले पाहिजे. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाला जर त्याचे यंत्र दर मिनिटाला काय करते ते दिसू लागले, तर पुढच्या वर्षी भाव ठरवताना तो म्हणेल : तुमचे यंत्र तर वीस टक्के वेळ रिकामे असते, दर कमी करा. पूर्वी ही फट मालकाला सांभाळून घेत असे. मंदीत, सणासुदीत, कामगार गावी गेल्यावर तो याच फटीत श्वास घेई. पारदर्शकता वरून खाली पाहणाऱ्याला मिळते. खालून वर पाहणाऱ्याला गिऱ्हाइकाचा नफा दिसत नाही.

मराठीने काय केले

आता आपल्या घरात पाहू. कारखाना आणि मराठी शब्द यांचे नाते एकेकाळी घट्ट होते. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नांगरांची आणि यंत्रांची माहिती देणाऱ्या त्या पत्रातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. आपल्या मध्यमवर्गाची अभिरुची घडवणारी मासिके नांगराच्या कारखान्यातून निघाली. यंत्राविषयी मराठीत बोलता येते, किंबहुना बोललेच पाहिजे, ही त्यामागची श्रद्धा होती.

पुढे नारायण सुर्व्यांच्या कवितेत मुंबईचा कामगार स्वतःच्या आवाजात बोलला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने संपानंतरचे गिरणगाव रंगमंचावर आणले. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण यांच्या वाट्याला असे काही फारसे आले नाही. कायम आणि कंत्राटी, स्थानिक आणि बिहार-ओडिशाहून आलेला अशा अनेक कामगारांचा हा पट्टा माझ्या वाचनात तरी साहित्यात विरळ आहे. साहित्याने जे लिहिले नाही ते सध्या स्क्रीन लिहिते आहे, आणि आपण पाहिले की ती काय गाळते.

डेटा मुळातच माणूस पुसतो, असे मात्र नाही. याचा पुरावा पुण्यातच आहे. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे आणि पुण्यात त्यांची संगणकीय सूची तयार झाली. तोवर ‘लोकसाहित्य’ म्हणजे नाव नसलेले, अशी आपली समजूत होती. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदवले गेले. जाते हेही यंत्रच, आणि ओवी ही त्या यंत्रावरच्या श्रमाची नोंद. विजेच्या चक्क्या आल्यावर जाती थांबली, तरी या बायकांची नावे उरली. कारण नोंद करणाऱ्याने सूची आखतानाच नावाचा रकाना ठेवला होता. तो ठेवायला कोणतेही महागडे तंत्रज्ञान लागले नाही. ही बाई या ओवीची कर्ती आहे, एवढे मान्य करावे लागले.

पेशवे दफ्तराचे उदाहरणही याच संदर्भात आठवते. वसुली, फौज, पगार यांच्या हिशेबासाठी लिहिलेले ते कागद. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले आणि हिशेबाचा इतिहास झाला. हे शक्य झाले, कारण कागद टिकले होते आणि मोडी वाचणारे लोक होते. आजच्या कारखान्यांचे दफ्तर वर्गणीवर चालते. वर्गणी थांबली की नोंदी बंद, कंपनी बुडाली की नोंदी गायब. २१०० सालच्या अभ्यासकाला चाकणचा कारखाना समजून घ्यायचा असेल, तर त्याच्या हाती काय लागेल? फार तर वार्षिक अहवाल. तांबट आळीतले एखादे घंगाळ मात्र तेव्हाही कुणाच्या तरी माळ्यावर असेल आणि वाचता येईल.

यातून माझी मागणी लहान निघते, आणि ती अभियंत्यांना अवघड नाही. यंत्रावरची स्क्रीन ऑपरेटरच्या भाषेत असावी : मराठीत, लागेल तिथे हिंदीत किंवा ओडियात. प्रणाली ज्याच्या खुणांवर शिकली त्याचे नाव प्रणालीत नोंदले जावे, आणि त्याचा मोबदला ठरताना ते नाव पुढे यावे. स्वतःविषयीच्या नोंदी वाचण्याचा आणि त्यांवर हरकत घेण्याचा हक्क त्याला असावा. आणि ‘इतर’ दाबल्यावर एक रिकामी जागा उघडावी, जिथे तो बोलून सांगू शकेल : आवाज बदलला होता, म्हणून थांबवले.

या शेवटच्या मागणीत समीक्षकालाही वाटा आहे. अशा रिकाम्या जागांत हजारो माणसे रोज दोन-दोन वाक्ये बोलू लागली, तर मराठी गद्याचा एक मोठा साठा तयार होईल. त्यात श्रमाचे नेमके शब्द असतील, आवाजाची, उष्णतेची, धातूच्या हट्टाची वर्णने असतील, आणि काही विनोदही असतील. ते वाचायला कोणीतरी लागेल. आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यात गोंगाट दिसेल. शब्दांचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ‘इतर’चा तो रकाना आपला मानावा आणि वाचायला घ्यावा.